कौल मिळाला, पण पत्र कोण पाठवणार? ब्रेग्झिटच्या पहिल्या नऊ महिन्यांचा प्रकरण अभ्यास

प्रकरण काय आहे

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं की नाही यावर सार्वमत घेतलं. २९ मार्च २०१७ रोजी ब्रिटनचे संघातले राजदूत टिम बॅरो यांनी ब्रसेल्समध्ये युरोपीय परिषदेचे अध्यक्ष डोनाल्ड टुस्क यांच्या हातात, ब्रिटन संघातून बाहेर पडत असल्याचं कळवणारं सहा पानी पत्र दिलं. या दोन तारखांमध्ये २७९ दिवस आहेत. मतदारांनी निर्णय दिला होता, मग पत्राला नऊ महिने का लागले?

याचं उत्तर दोन भांडणांत आहे. पहिलं न्यायालयात गेलं: पत्र पाठवण्याचा अधिकार पंतप्रधानांचा की संसदेचा? दुसरं पक्षांच्या आत पेटलं: नेता कोण, आणि ते ठरवणार कोण, खासदार की सदस्य? वर्तमानपत्रांनी ही दोन वेगळी प्रकरणं मानली. प्रत्यक्षात दोन्हींच्या मुळाशी एकच फट होती. दोन वैध मतदानं समोरासमोर आली, तर वरचढ कोणतं, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं.

पार्श्वभूमी

निकाल असा होता: बाहेर पडण्याच्या बाजूने १,७४,१०,७४२ मतं, म्हणजे ५१.९ टक्के, राहण्याच्या बाजूने १,६१,४१,२४१, म्हणजे ४८.१ टक्के. मतदान ७२.२ टक्के. इंग्लंड आणि वेल्स बाहेर पडण्याच्या बाजूने गेले, स्कॉटलंड ६२ टक्क्यांनी राहण्याच्या बाजूने, उत्तर आयर्लंडही राहण्याच्याच बाजूने. जिब्राल्टरमध्ये तर ९६ टक्के लोकांनी राहण्यासाठी मत दिलं.

खरी मेख मात्र आकड्यांत नसून २०१५ च्या सार्वमत कायद्यात आहे. त्यात प्रश्नाचा मजकूर होता, मतदार कोण ते होतं, प्रचारखर्चाची मर्यादा होती. निकाल लागल्यावर कोणी काय करायचं, याबद्दल एक ओळही नव्हती. हे अनवधानाने राहिलं असं म्हणावं, तर चारच वर्षांपूर्वीचं उदाहरण ब्रिटनच्या दप्तरात होतं. २०११ मध्ये मतदान पद्धत बदलण्यावर सार्वमत झालं, तेव्हा नवी पद्धत त्याच कायद्यात लिहून ठेवली होती आणि ‘होय’ला जास्त मतं पडली तर मंत्र्याने ती लागू केलीच पाहिजे असं बंधन होतं. त्या वेळी लोकांनी ‘नाही’ म्हटलं, हा भाग वेगळा. २०१५ च्या विधेयकासोबत खासदारांना दिलेल्या टिपणात हे सार्वमत सल्लागार स्वरूपाचं असल्याचं लिहिलं होतं. आणि सरकारने घरोघरी वाटलेल्या पत्रकात लिहिलं होतं की निर्णय तुमचा, तुम्ही जे ठरवाल ते सरकार अमलात आणेल. टिपण एक सांगत होतं, पत्रक दुसरं. पुढची सगळी भांडणं या दोन कागदांमधल्या जागेत झाली.

निकाल उलटा लागला तर काय, याची तयारी करायला सनदी अधिकाऱ्यांना मनाई होती.

अडचण पहिली: अधिकार

युरोपीय संघाच्या लिस्बन कराराचं कलम ५० सांगतं की सदस्य देश ‘आपल्या घटनात्मक गरजांनुसार’ बाहेर पडण्याचं ठरवू शकतो. तसं त्याने कळवलं की दोन वर्षांचं घड्याळ सुरू होतं. मुदतीत करार झाला तर त्या अटींवर, नाही झाला तर कराराविना, देश बाहेर. मुदत वाढवायची तर उरलेल्या सगळ्या देशांची एकमुखी संमती लागते.

पण ब्रिटनच्या ‘घटनात्मक गरजा’ कोणत्या? तिथे लिखित, एकसंध राज्यघटना नाही. परराष्ट्रांशी करार करणं आणि मोडणं हा राजसत्तेचा विशेषाधिकार. तो राजा किंवा राणीच्या नावाने मंत्री वापरतात आणि त्यासाठी संसदेची परवानगी लागत नाही. त्याच वेळी दुसरं तत्त्व १६१० सालच्या एका निवाड्यापासून चालत आलेलं: विशेषाधिकार वापरून देशातला कायदा बदलता येत नाही. करार मोडल्याने देशातला कायदाही बदलत असेल तर? सार्वमतानंतर चारच दिवसांनी, २७ जूनला, तीन घटनाअभ्यासकांनी हा मुद्दा जाहीरपणे मांडला. गुंतवणूक व्यवसायातल्या जिना मिलर आणि लंडनमधला एक केशकर्तनकार यांनी तो न्यायालयात नेला.

अडचण दुसरी: नेतृत्व

२४ जूनच्या सकाळी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी राजीनामा जाहीर केला. बाहेर पडण्याचा कौल आला तर कलम ५० लगेच वापरू, असं ते प्रचारात म्हणाले होते. आता ते काम त्यांनी वारसावर सोपवलं. मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन त्याच सकाळी कलम ५० आत्ताच वापरा असं बोलून गेले आणि स्वतःच्या खासदारांच्या रोषाला कारण झाले.

कॅमेरॉन यांच्या हुजूर पक्षाची नेतानिवडीची पद्धत दोन टप्प्यांची. आधी खासदार फेऱ्या घेऊन उमेदवार गाळत जातात, दोन उरले की देशभरचे सदस्य टपालाने मत देतात. सगळ्यांनी गृहीत धरलेले बोरिस जॉन्सन ३० जूनला रिंगणाबाहेर पडले, कारण त्यांचेच साथीदार मायकेल गोव्ह यांनी त्याच सकाळी स्वतःची उमेदवारी जाहीर केली. ५ जुलैच्या फेरीत टेरेसा मे यांना १६५, अँड्रिया लेडसम यांना ६६, गोव्ह यांना ४८ मतं. ७ जुलैला मे १९९, लेडसम ८४, गोव्ह ४६. सदस्यांचा निकाल ९ सप्टेंबरला लागायचा होता. पण मातृत्वाबद्दलच्या एका मुलाखतीवरून वाद झाला आणि ११ जुलैला लेडसम यांनी माघार घेतली. सदस्यांपुढे मतपत्रिका गेलीच नाही. १३ जुलैला मे पंतप्रधान झाल्या.

हे सोयीचं वाटलं, आणि त्या आठवड्यात ते होतंही. पण मे स्वतः राहण्याच्या बाजूच्या. त्यांना ना सदस्यांचा कौल होता ना सार्वत्रिक निवडणुकीचा. आपण सार्वमताशी प्रामाणिक आहोत हे त्यांना रोज सिद्ध करावं लागणार होतं. पुढच्या बहुतेक निर्णयांमागचा दबाव इथून आला.

मजूर पक्षात नेमकं उलटं घडलं. २५ जूनच्या रात्री कॉर्बिन यांनी हिलरी बेन यांना छाया मंत्रिमंडळातून काढलं, पाठोपाठ राजीनाम्यांची रांग लागली. २८ जूनला खासदारांनी १७२ विरुद्ध ४० मतांनी अविश्वास दाखवला. पण पक्षाच्या नियमपुस्तकात अशा ठरावाला काहीच किंमत नव्हती. नेत्याला हटवायचं तर आव्हानवीराने खासदार आणि युरोपीय संसद सदस्यांपैकी २० टक्क्यांचं, म्हणजे त्या वेळी ५१ जणांचं, अनुमोदन आणायचं आणि मतदान सदस्यांनी करायचं. विद्यमान नेत्यालाही ५१ सह्या लागतात का, यावर नियम संदिग्ध होता. लागत असत्या तर कॉर्बिन मतपत्रिकेवर येणंच अवघड. त्यांच्या पाठीशी फक्त ४० खासदार होते. १२ जुलैला राष्ट्रीय कार्यकारिणीने १८ विरुद्ध १४ मतांनी ठरवलं की लागत नाहीत. २८ जुलैला उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

मग लढाई मतदारयादीवर आली. १२ जानेवारी २०१६ नंतर सदस्य झालेल्यांना मत नाही, असं कार्यकारिणीने ठरवलं. नोंदणीकृत पाठीराख्यांसाठी शुल्क आदल्या वर्षीच्या ३ पौंडांवरून २५ पौंडांवर नेलं आणि नोंदणीची खिडकी दोनच दिवस उघडी ठेवली. तरी १,८०,००० हून अधिक अर्ज आले. गळणी बारीक केली तरी लोंढा थांबला नाही. नव्या सदस्यांपैकी पाच जण न्यायालयात गेले, ८ ऑगस्टला जिंकले आणि १२ ऑगस्टला अपिलात हरले. २४ सप्टेंबरचा निकाल: कॉर्बिन ६१.८ टक्के, आव्हानवीर ओवेन स्मिथ ३८.२ टक्के. तीन चतुर्थांश खासदारांचा विश्वास नसलेला नेता आधीपेक्षा भक्कम होऊन परतला.

(संघातून बाहेर पडण्यासाठीच लढणाऱ्या युकिप पक्षाचं थोडक्यात: ४ जुलैला नायजेल फराज यांनी काम झालं म्हणून नेतेपद सोडलं, १६ सप्टेंबरला निवडून आलेल्या डायेन जेम्स १८ दिवसांत गेल्या.)

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, २४ जूनलाच पत्र पाठवणं. कायदेशीर आव्हान उभं राहण्याआधी घड्याळ सुरू झालं असतं, पण वाटाघाटीला ना पथक तयार होतं ना भूमिका. कॅमेरॉन यांनी तो टाळला हे बरंच झालं.

दुसरा, विशेषाधिकाराने पत्र. यात संसदेचा प्रश्नच नाही, वेग पूर्ण हातात. सरकारने हा निवडला. याचं एक कारण खासदारांच्या गणितात होतं: प्रतिनिधिगृहातले (हाउस ऑफ कॉमन्स) बहुसंख्य सदस्य राहण्याच्या बाजूचे. विधेयक आणलं तर त्यात दुरुस्त्या घुसतील, अटी येतील, लॉर्ड्सचं वरिष्ठ सभागृह लांबवेल, ही भीती.

तिसरा, छोटं विधेयक. एक वाक्य: पंतप्रधान पत्र पाठवू शकतात.

चौथा, अटींसह विधेयक: आधी सरकारने वाटाघाटीची उद्दिष्टं मांडायची, मग पत्र, आणि शेवटी करारावर संसदेचं बंधनकारक मत. मे यांच्या कार्यालयाला हा सर्वांत धोक्याचा वाटला. २०१९ मध्ये संसदेने त्यांचा करार पुन्हापुन्हा फेटाळला ते पाहता, दीर्घ पल्ल्यात हाच सर्वांत कमी धोक्याचा होता असं आमचं मत आहे. करारावर संसदेत मतदान व्हायचंच होतं, ते टळत नव्हतं. त्याची चौकट २०१७ मध्ये, सगळे कौलाला मान देण्याच्या मनःस्थितीत असताना, ठरवता आली असती.

काय केलं

२ ऑक्टोबर २०१६ रोजी बर्मिंगहॅमच्या पक्ष अधिवेशनात मे यांनी दोन घोषणा केल्या: पत्र मार्च २०१७ अखेरपर्यंत जाईल, आणि युरोपीय कायदे देशी कायद्यात ओतणारं मोठं विधेयक येईल. मुदत बाहेरून कोणी लादलेली नव्हती. पक्षाच्या सभागृहात टाळ्या मिळाल्या आणि जवळपास सहा महिन्यांनंतरची तारीख सरकारच्याच गळ्यात अडकली.

३ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी एकमताने सरकारविरुद्ध निकाल दिला. दुसऱ्या दिवशी ‘डेली मेल’ने तिघांची छायाचित्रं पहिल्या पानावर छापून त्यांना जनतेचे शत्रू ठरवलं. न्यायसंस्थेचा बचाव करणं हे ज्यांचं शपथबद्ध कर्तव्य, त्या लॉर्ड चान्सेलर लिझ ट्रस यांनी उशिरा आणि मोघम निवेदन काढलं.

इथे प्रकरणातला पहिला मोठा वळणबिंदू आहे. ४ नोव्हेंबरला सरकार दोनपैकी एक करू शकत होतं: अपील, किंवा विधेयक. त्यांनी अपील केलं, आणि विधेयक निकालानंतर आणायचं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाचे त्या वेळचे सगळे, म्हणजे अकराही न्यायाधीश ५ ते ८ डिसेंबर एकत्र बसले. असं आधी कधी झालं नव्हतं.

दरम्यान ७ डिसेंबरला प्रतिनिधिगृहाने ४४८ विरुद्ध ७५ मतांनी ठराव केला की सरकारने योजना मांडावी आणि ३१ मार्चपर्यंत पत्र द्यावं. सरकारला वाटलं, आता तरी प्रश्न मिटला. मिटला नाही, कारण ठराव म्हणजे कायदा नव्हे.

२४ जानेवारी २०१७ चा निकाल ८ विरुद्ध ३ असा लागला. तर्क समजून घेण्यासारखा आहे. सरकारचं म्हणणं होतं की १९७२ चा युरोपीय समुदाय कायदा ही केवळ एक नळी आहे: करारातून जे हक्क येतील ते ती देशात आणते, करार संपला तर नळी कोरडी, कायद्याला धक्का नाही. बहुमताने म्हटलं, नळीतून काय वाहतं हे बदलणं वेगळं आणि पाण्याचा उगमच बंद करणं वेगळं. संसदेने १९७२ मध्ये युरोपीय कायद्याला देशी कायद्याचा उगम बनवलं. तो उगम मंत्री स्वतःच्या सहीने बुजवू शकत नाहीत. युरोपीय संसदेसाठी मत देण्याचा हक्क घ्या. हा हक्क उद्या देशी कायदा करूनही परत देता येणार नव्हता. तीन अल्पमतातले न्यायाधीश म्हणाले, १९७२ चा कायदा सदस्यत्व राहील असं गृहीत धरत नाही, ‘असेल तोवर’ असंच सांगतो. हा युक्तिवादही हलका नाही.

स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या विधिमंडळांची संमती लागते का, यावर मात्र अकरा न्यायाधीशांचं एकमत झालं: नाही. अशी संमती घेण्याचा संकेत राजकीय आहे, न्यायालय त्याची अंमलबजावणी करून देणार नाही. मिलर जिंकल्याच्या गदारोळात एडिंबराचा, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारचा, हा पराभव झाकला गेला.

निकालानंतर दोनच दिवसांत, २६ जानेवारीला, दोन कलमांचं विधेयक आलं. दुसऱ्या वाचनाला १ फेब्रुवारीला ४९८ विरुद्ध ११४. हुजूर पक्षातून विरोधात एकटे केनेथ क्लार्क. तिसऱ्या वाचनाला ८ फेब्रुवारीला ४९४ विरुद्ध १२२. लॉर्ड्सनी दोन दुरुस्त्या घातल्या: देशातल्या युरोपीय नागरिकांच्या हक्कांची हमी, आणि अंतिम करारावर संसदेचं मत. १३ मार्चला प्रतिनिधिगृहाने दोन्ही काढून टाकल्या, लॉर्ड्सनी हट्ट धरला नाही. १६ मार्चला राजसंमती.

ही दोन्ही भांडणं इथे एकमेकांना भिडली. मजूर पक्षाचे बहुसंख्य मतदार राहण्याच्या बाजूचे होते, पण त्यांच्या बहुसंख्य मतदारसंघांत बाहेर पडण्याला जास्त मतं होती. कॉर्बिन यांनी विधेयकाच्या बाजूने कडक पक्षादेश काढला. ४७ खासदारांनी दुसऱ्या वाचनाला तो मोडला, ५२ जणांनी तिसऱ्या. सदस्यांच्या मतांवर खासदारांना हरवून आलेला नेता सार्वमताच्या मतांविरुद्ध उभं राहू शकत नव्हता; त्याची सगळी ताकदच ‘खासदारांपेक्षा लोक मोठे’ या वाक्यात होती.

निष्पत्ती

पत्र २९ मार्चला गेलं, स्वतः घातलेल्या मुदतीच्या दोन दिवस आधी. अपिलात ८२ दिवस गेले. जे विधेयक येऊ नये म्हणून हा खटाटोप, ते ४९ दिवसांत एकाही दुरुस्तीशिवाय मंजूर झालं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, १८ एप्रिलला, मे यांनी मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली. आपल्याकडे नसलेला कौल त्यांना हवा होता. ८ जूनला ३३० जागांच्या ३१७ झाल्या, बहुमत गेलं, उत्तर आयर्लंडच्या डीयूपीच्या दहा खासदारांवर सरकार तगलं. दोन वर्षांच्या घड्याळातले दहा आठवडे यात संपले होते. लॉर्ड्सची जी दुरुस्ती मार्चमध्ये फेकून दिली, ती डॉमिनिक ग्रीव्ह या हुजूर खासदाराच्याच हातून १३ डिसेंबर २०१७ ला ३०९ विरुद्ध ३०५ मतांनी परत आली. म्हणजे संसदेचं अंतिम मत टळलं नाही, फक्त बहुमत असताना मिळालं असतं ते बहुमत गेल्यावर द्यावं लागलं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त दुरुस्ती २०१५ ची. २०११ च्या धर्तीवर एक कलम पुरेसं होतं: बाहेर पडण्याला बहुमत मिळालं तर पंतप्रधान अमुक मुदतीत, योजना मांडून, पत्र देतील. तसं केलं असतं तर मिलर खटला उभाच राहिला नसता. सरकारने ते केलं नाही, कारण कॅमेरॉन यांना जिंकण्याची खात्री होती आणि हरण्याची तरतूद लिहिणं म्हणजे हरण्याची शक्यता कबूल करणं.

नेत्याचं भवितव्य आणि प्रश्नाचं उत्तर वेगळं ठेवणं ही दुसरी जागा. मराठी वाचकाला इथे गोव्याचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवेल. तिथे बांदोडकर सरकारने मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून आधीच राजीनामा दिला. कौल त्यांच्या महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या भूमिकेविरुद्ध गेला, तरी दोन-अडीच महिन्यांत झालेल्या निवडणुकीत तेच परत आले. परिस्थिती फार वेगळी, आकारही वेगळा; पण राजीनामा आधी की नंतर, याने पुढचं राजकारण किती बदलतं ते दिसतं.

सगळ्यांत कमी चर्चा झालेली चूक न्यायालयातली आहे. पत्र एकदा दिलं की मागे घेता येत नाही, हे दोन्ही बाजूंनी मान्य करून टाकलं होतं. मिलर यांच्या बाजूला ते सोयीचं: चाप ओढला की गोळी सुटणार आणि हक्कांवर लागणार, म्हणून आधी संसद हवी. सरकारने का मान्य केलं? उलट बाजू घेतली असती तर त्यांचा खटला बळकट झाला असता. पत्र परत घेता येत असेल तर पत्राने हक्क संपत नाहीत, हे उघड आहे. पण तो प्रश्न युरोपीय कायद्याचा होता. तो लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या न्यायालयाकडे गेला असता, मार्चची मुदत हुकली असती, आणि युरोपच्या न्यायाधीशांना विचारून बाहेर पडणारं सरकार असं चित्र उभं राहिलं असतं. पक्षातली अडचण टाळण्यासाठी सरकारने आपला सर्वांत चांगला युक्तिवाद वापरलाच नाही.

लक्झेंबर्गने त्या प्रश्नाचं उत्तर अखेर स्कॉटलंडमधून आलेल्या दुसऱ्या खटल्यात १० डिसेंबर २०१८ रोजी दिलं: पत्र एकतर्फी मागे घेता येतं. त्याच दिवशी मे यांनी आपल्या करारावरचं संसदेतलं मतदान पराभवाच्या भीतीने पुढे ढकललं. दोन दिवसांत अविश्वासासाठी लागणारी ४८ पत्रं, म्हणजे १५ टक्के हुजूर खासदारांची, हुजूर खासदारांच्या ‘१९२२ समिती’च्या अध्यक्षांकडे जमली. १२ डिसेंबरला मे यांनी २०० विरुद्ध ११७ मतांनी नेतेपद राखलं आणि नियमानुसार त्यांना बारा महिने पुन्हा आव्हान देता येणार नव्हतं. ते अभय १२ डिसेंबर २०१९ ला संपणार होतं. त्या दिवशी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. हुजूर पक्षाचे नेते म्हणून ती लढवली बोरिस जॉन्सन यांनी.